भिंगरी आणि इंजिनाची बैठक

‘स्वस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वतःच्या ठायी स्थित असलेला, असा आहे. त्या न्यायाने अस्वस्थ माणूस स्वतःच्या ठायी नसतो. इथवर सारे ठीक. पण मग तो असतो तरी कुठे, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चांचल्य हा दोष होय, असे आपले पूर्वसूरी मानत आले, आणि मन निश्चल करण्याचे उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडली नाही. तथापि काही माणसांचा जीव दुसऱ्याच्या वस्तूत, दुसऱ्याच्या देहात, दुसऱ्याच्या दुखण्यात जाऊन राहिलेला असतो, आणि मागे उरलेले शरीर मालक परगावी गेलेल्या घरासारखे वाऱ्याने खडखडत असते. त्या खडखडण्याला दोष म्हणण्यास जीभ सहसा धजत नाही. अशाच एका माणसाची ही हकीकत आहे.

रस्त्याच्या टोकाला, लेथवर लोखंड कातणाऱ्या कारखान्याला लागून, त्याची गाड्या दुरुस्त करण्याची शेड होती. सारे जण त्याला भिंगरी म्हणत. हे नाव थोरल्या बहिणीने त्याला लहानपणी दिले आणि ते त्याच्या अंगाला असे चिकटले की खुद्द त्याच्या बायकोलाही दुसरे नाव आठवावे लागे. शेडमध्ये एक खुर्ची होती. तिच्यावर गिऱ्हाईक बसे, भिंगरी तिच्याभोवती फिरे. चहा तो चालता चालता पीत असल्यामुळे अर्धे भरलेले कप मडगार्डवर, बॅटरीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, कुठेही सापडत. संध्याकाळी बायको टोपली घेऊन येई आणि परडीत फुले वेचावीत तसे कप वेचून नेई. न्हाव्याने तर त्याला एकदा निर्वाणीचे सांगितले होते, “हे बघा, एक तर डोकं इथे ठेवून जा, नाही तर तुम्ही तरी इथे थांबा.”

हात मात्र विलक्षण चपळ होता. धावत्या इंजिनावर तळवा टेकला की त्याला पुष्कळ काही कळे. एकच गोष्ट त्याला सहन होत नसे: सैल बोल्ट. सैल बोल्ट दिसला की त्याचा जीव वरखाली होई. साखळीला टांगलेले इंजिन गाडीत उतरवताना ते आपल्या जागी पुरते टेकायच्या आतच त्याचा पाना फिरू लागे. लोक या वेगाचे कौतुक करीत, आणि ज्याचे कौतुक होते त्याची तपासणी कोण करणार?

आई लवकर गेल्यामुळे बहिणीनेच त्याला वाढवले होते. तो अभ्यासाला बसला की त्याचा गुडघा हलू लागे. गुडघ्याने पाट हाले, पाटाने दौत हाले, आणि शाई सांडे. बहीण रागावत नसे. शेजारी येऊन बसे आणि आपला तळवा त्याच्या गुडघ्यावर ठेवी. गुडघा थांबे. तळवा उचलला की पुन्हा सुरू. पुढे तिचे लग्न झाले, याचेही झाले, दोघांचे केस पिकले. पण तिच्या घरी गेला की आजही तो तिच्या डाव्या हाताला बसे, आणि ती बोलता बोलता नकळत त्याच्या गुडघ्यावर हात ठेवी.

या बहिणीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात नेताना अँब्युलन्सने तिला इतके हादरवले होते की शुद्धीवर आल्यावर तिने पहिली तक्रार दुखण्याची न करता त्या वाहनाची केली.

“माझं एकेक हाड मोजून झालं त्या गाडीत,” ती मुलीला म्हणाली. “पुन्हा तिच्यात पाऊल ठेवणार नाही. घरी जाईन तर ह्यांच्या गाडीतून.”

‘ह्यांची गाडी’ म्हणजे तिच्या दिवंगत यजमानांची, लांब नाकाची, राखी रंगाची, जुन्या घडणीची मोटार. आसन उंच आणि रुंद. न वाकता आत शिरता येई. यजमान हयात असताना बॉनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून इंजिन सुरू करीत आणि पाण्यावर तरंग उठत नाही हे पाहुण्यांना दाखवीत. पाहुणे कंटाळत, यजमान कधीच कंटाळले नाहीत. त्यांच्या मागे गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि एकदा पाण्याविना तापवल्याने तिचे इंजिन तडकले ते तडकलेच.

“आई, त्या गाडीचं इंजिन फुटलंय,” मुलगी म्हणाली. “विसरलीस का?”

“मग तुझा मामा कशाला आहे?”

मामा खाटेभोवती फेऱ्या घालत होता. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याने उत्तर दिले, “होईल.”

“काय होईल, मामा? डॉक्टरांनी हादरा बसू देऊ नका म्हणून बजावलंय. टाके ताजे आहेत.”

“अगं, पेला ठेवून दाखवीन तुला. भावजी ठेवायचे तसा.”

असे तो बोलून गेला, आणि त्या क्षणापासून त्याचा जीव त्या गाडीत आणि बहिणीच्या पाठीत विभागला गेला.

मूळ जातीचे इंजिन आता मिळणे शक्य नव्हते. मागून ठोकरलेल्या एका मालवाहू व्हॅनचे पुढचे अंग शाबूत होते. तिचे इंजिन भंगारवाल्याकडून आणावे असे ठरले. जुने इंजिन सहा सिलिंडरांचे, स्वभावतःच सौम्य. हे नवे चार सिलिंडरांचे, ओझी ओढून राकट झालेले. ते बसवणे भिंगरीच्या दृष्टीने अवघड नव्हते. अवघड होते ते कशावर बसवावे हे ठरवणे.

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट ठेवत नाहीत. लोखंडावर लोखंड बसले तर इंजिनाची प्रत्येक थरथर आसनापर्यंत पोहोचते. म्हणून मध्ये रबराच्या जाड बैठका घालतात. धंद्यात त्यांना फाउंडेशन म्हणतात. बैठक फार मऊ असेल तर इंजिन डोलते आणि शेजारच्या भागांवर आदळते. फार कडक असेल तर ते जागचे हलत नाही, पण त्याचा कंप प्रवाशाच्या अस्थींत उतरतो. सारी विद्या या दोहोंमधली जागा शोधण्यात आहे. इथे तर त्या विद्येवर एका वृद्ध स्त्रीचा ताजा शिवलेला मणका अवलंबून होता.

भिंगरीने प्रथम गाडीच्या स्वतःच्या मऊ बैठका घेतल्या. ‘घरच्या आहेत,’ तो म्हणाला. इंजिन साखळीवरून उतरले, अर्धे टेकले, आणि पाना फिरला. किल्ली फिरवल्यावर गाडी कुरकुरत सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन एका अंगाला कलंडले आणि पंख्याने रेडिएटरला खरवडून असा आवाज काढला की लेथवाला कारखान्यातून धावत आला.

“कोणाला कापतोयस?”

“मऊ आहेत. चालणार नाहीत.” भिंगरीने तेवढ्यात एक बोल्ट सोडवलाही होता. “व्हॅनच्याच घालतो. या इंजिनाच्या त्याच खऱ्या.”

व्हॅनच्या बैठका कडक होत्या. लेथवाल्याने त्यांच्यासाठी लोखंडी पट्ट्या बनवून दिल्या. पुन्हा साखळी, पुन्हा पाना, पुन्हा किल्ली. या वेळी पंखा सुखरूप फिरला; परंतु बॉनेटवरच्या पेल्यातले पाणी उकळत्यासारखे नाचू लागले आणि स्टिअरिंगचे चाक हातात मुंग्या आणू लागले.

नेमकी त्याच वेळी भाची आली. ती मागच्या आसनावर बसली, पाठ टेकली, आणि क्षणभराने उतरली.

“मामा, माझे दात वाजताहेत. आईचं काय होईल?”

“हे काही शेवटचं नाही गं. रबर बदलतोय.”

“अहो, किती बदलाल? मी अँब्युलन्सला सांगून ठेवते. चांगल्यातली मागवते, हवेच्या स्प्रिंगची.” मग तिचा स्वर मऊ झाला. “तुम्ही एवढं केलंत, आईला कळेल.”

भिंगरीला हे सांत्वन फार लागले. अपमान त्याने सहन केला असता. त्या दिवशी त्याने जेवणाचे ताटही उभ्यानेच रिकामे केले आणि बायकोला म्हणाला, “ताई माझ्याकडे बघून फक्त ‘बरं’ म्हणेल. तेवढंच. मला ते ‘बरं’ ऐकायचं नाही.”

“मग बसून विचार करा ना जरा,” बायको म्हणाली.

“बसून कुठे विचार होतो?”

तिसऱ्या बैठका त्याने एका नव्या धाटणीच्या मोटारीतून काढून आणल्या. त्यांच्या पोटात तेल भरलेले असते. ते मंद कंपाला शोषते आणि मोठ्या धक्क्याला अडवते. त्या या गाडीला बसाव्यात म्हणून नव्या प्लेटा लागणार होत्या.

“काय रे,” लेथवाला यंत्रावरचा लोखंडाचा कीस झाडीत म्हणाला, “इंजिन बदलतोयस की गाडीला रोज नव्या चपला घालून बघतोयस?”

“थट्टा पुरे. प्लेट कधी देतोस?”

“मशीनला तुझी घाई कळत नाही.”

“तुला तरी कळते का?”

“माझा डावा कान गेलाय. घाई असली की त्या बाजूने बोलत जा.”

प्लेटा झाल्या. इंजिन पुन्हा साखळीवर चढले, पुन्हा उतरले, आणि भिंगरीने श्वास न घेता बोल्ट आवळले. किल्ली फिरवली. पंखा मोकळा होता. पेल्यातले पाणी पूर्वीइतके नाचत नव्हते. पण त्याच्या काठाशी बारीक, चिवट तरंग होते, आणि आसनावर तळवा ठेवला की मुंग्यांची एक रांग मनगटापर्यंत चालत येई. धडधाकट माणसाने ही गाडी खुशाल वापरली असती. भिंगरी बराच वेळ तळवा ठेवून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तळव्याने त्याला काही सांगितले नाही.

मग त्याने पुन्हा पाना उचलला. याही बैठका काढायच्या; पुढे काय घालायचे ते काढल्यावर पाहू. एकेक करून सारे बोल्ट सैल झाले, आणि साखळी जोडायला तो वळणार इतक्यात फोन वाजला.

“मामा, डॉक्टर उद्या सकाळी सोडतो म्हणतात. आई तुम्हाला बोलावतेय. लगेच या.”

आयुष्यभर ज्याने सैल बोल्ट पाहून प्राण कंठाशी आणले, तो माणूस त्या क्षणी सारे बोल्ट सैल सोडून निघाला. पेला बॉनेटवरच राहिला.

रुग्णालयाच्या खोलीत एक लोखंडी खाट, एक स्टूल आणि खिडकीशी औषधांचे छोटे कपाट होते. बहीण कुशीवर होती. भिंगरी स्टुलावर टेकला, आणि त्याचा गुडघा हलू लागला. गुडघा खाटेच्या दांडीला लागून होता. दांडीतून थरथर गादीत गेली. बहिणीने ओठ आवळले. भिंगरीने ते आवळलेले ओठ पाहिले आणि एवढीशी थरथर तिच्या पाठीत किती आत जाते ते त्याला उमगले. तो उठू लागला.

“कुठे निघालास?”

“ताई, गाडी झाली नाही गं. जातो. अजून एक करून बघतो.”

“बस.”

“अगं पण—”

“बस म्हणते ना, भिंगऱ्या. स्टूल मागे घे आणि बस. मी काय गाडी बघायला बोलावलं तुला? कंटाळा आलाय मला इथे. ह्या भिंतीशी किती बोलू?”

तिने हात लांबवून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. थोडा वेळ ती मुलीच्या स्वयंपाकाची निंदा करीत राहिली, शेजारच्या खोलीतल्या घोरणाऱ्या बाईची नक्कल केली, आणि मग बोलता बोलता तिचा डोळा लागला. हात मात्र गुडघ्यावरच होता. हलावे तर तिची झोप मोडणार. सारी दुपार भिंगरी त्या स्टुलावर बसून राहिला. परिचारिका दोनदा डोकावून गेली. बाहेर ढकलगाड्यांची चाके वाजत होती, आणि त्याच्या डोक्यात चौथी, पाचवी, सहावी बैठक फिरत होती. पण देह, कदाचित जन्मात प्रथमच, होता तिथे होता.

तो शेडवर परतला तेव्हा उन्हे कलली होती आणि दारात लोखंडी सळ्यांनी भरलेला टेंपो अडून बसला होता.

“तुझं हे लांब नाक जरा आत घे,” लेथवाला ओरडला. “माझा माल उतरायचाय. ड्रायव्हर मला शिव्या देतोय, आणि माझ्या चांगल्या कानात देतोय.”

भिंगरी यंत्रवत् गाडीत चढला, किल्ली फिरवली, आणि हळूच गाडी थोडी मागे घेतली. टेंपो आत शिरला. सळ्यांचा खणखणाट झाला. तो थांबल्यावर भिंगरीला वाटले, गाडी बंद पडली. त्याने पुन्हा किल्लीला हात घातला, आणि तिथेच थबकला. इंजिन चालू होते. स्टिअरिंगमध्ये मुंग्या नव्हत्या. बॉनेटवर पेला उभा होता, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर शेडच्या छपराचे प्रतिबिंब अखंड पडले होते.

तो खाली उतरला, बॉनेट न उघडताच गाडीखाली वाकला, आणि सैल बोल्ट त्याला दिसले. इंजिन सारी दुपार आपल्या भाराने बैठकांवर विसावले होते. गाडी सुरू होऊन मागे सरली तेव्हा उरलीसुरली ओढ सुटून ते आपल्या नैसर्गिक जागी आले होते. म्हणजे दोष रबराचा नव्हता. लटकत्या इंजिनाचे बोल्ट आवळल्याने प्रत्येक वेळी रबर जन्मतःच पिळवटले जात होते, आणि पिळवटलेले रबर मऊ असो की कडक, ते कंप शोषत नाही, पुढे ढकलते. ट्रकांत आणि टेंपोंत हे कोणाला जाणवले नव्हते. त्यांच्यात ताजा शिवलेला मणका कधी बसला नव्हता.

लेथवाला शेजारी येऊन उभा राहिला. भिंगरीने त्याला सारे सांगितले. त्याच्या चांगल्या कानाकडून सांगितले.

“म्हणजे ही रबरं चांगलीच होती?”

“ही चांगली आहेत. पण व्हॅनचीही असतील. आणि गाडीची स्वतःची, ती तर कदाचित सगळ्यांत...” भिंगरीची नजर कोपऱ्यात टाकलेल्या मऊ बैठकांकडे वळली. त्याचे हात शिवशिवू लागले. “मी तेव्हा ती पिळली म्हणून इंजिन कलंडलं. नीट बसवली तर कोण जाणे. एकदा घालून—”

“अरे बाबा!” लेथवाल्याने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. “उद्या सकाळी तुझी बहीण घरी जाणार आहे. आज तुला परीक्षा घ्यायचीय की गाडी द्यायचीय?”

भिंगरी त्या मऊ बैठकांकडे बघत उभा राहिला. जे न्यायाने कधी पारखलेच नाही ते त्याने अयोग्य ठरवून फेकले होते, आणि आता पारखण्याला वेळ नव्हता. शेवटी त्याने पाना परत मागितला, चालू इंजिन बंद केले, आणि होते त्या स्थितीत, इंजिनाला बोटभरही न ढकलता, एकेक बोल्ट हळूहळू आवळला. पुन्हा किल्ली फिरवली. पाणी स्थिर राहिले. मग त्याने नाकारलेल्या दोन्ही जोड्या उचलल्या, फडक्याने पुसल्या आणि फळीवर ठेवल्या.

सकाळी रुग्णालयाच्या दारात भाचीने गाडीत बसून पाहिले. ती फोनकडे वळली आणि अँब्युलन्स नको म्हणून सांगितले. बहिणीला न वाकवता पुढच्या आसनावर बसवता आले. पाठीशी उशी, पायाशी भाचीची पिशवी. भिंगरीने गाडी अशी काही चालवली की सायकली पुढे जाऊ लागल्या.

“जरा दाब की,” बहीण म्हणाली. “पोचेपर्यंत माझे टाके आपोआप गळून पडतील.”

“तू बोलू नकोस. पाठ टेकून राहा.”

चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली. बहिणीने कान देऊन पाहिले. मग काळजीने त्याच्याकडे वळली.

“काय रे, बंद पडली का?”

“नाही, ताई. चालू आहे.”

तिचा हात सवयीने त्याच्या गुडघ्याकडे गेला. गुडघा हलत नव्हता. तिने हात तसाच समोरच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि सिग्नल सुटेपर्यंत तिथेच राहू दिला.

“त्यांना आवडलं असतं,” ती म्हणाली. “पेला आणलायस का?”

“मागे आहे. तुझ्या लेकीच्या हातात.”

“मामांनी मला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही,” मागून भाची म्हणाली.

त्यानंतरही भिंगरी स्वस्थ झाला नाही. चहाचे कप पूर्वीसारखेच जागोजागी सापडत राहिले, आणि न्हाव्याचे गाऱ्हाणे न्हाव्याबरोबरच संपले. बदल झाला तो एवढाच की इंजिन बसवताना तो बोल्ट हाताने लावी, पाना फळीवर ठेवून देई, गाडी चालू करी, आणि काही काळ शेडच्या बाहेर रस्त्यावर येरझाऱ्या घाली. तेवढा वेळ लोखंडाला मिळे. त्याला स्वतःला तो कसा जड जाई, ते त्याच्या झिजलेल्या चपलांवरून कळे. आणि फळीवरच्या मऊ बैठका त्याला अखेरपर्यंत छळत राहिल्या. त्या आधी नीट बसवल्या असत्या तर? बहीण काठी टेकत हिंडू लागल्यावर त्याने एकदा तिच्याकडे विषय काढला. “माझ्या गाडीला हात लावशील तर याद राख,” ती म्हणाली. त्यावर अपील नव्हते.

ती आधी गेली. तो तिच्यामागून, एका अर्धवट कामाच्या मध्ये. शेड आता लेथवाल्याच्या जावयाकडे आहे. तिथे अजूनही इंजिन उतरल्यावर बोल्ट सैल ठेवून गाडी चालू करतात आणि मगच आवळतात. फळीवर रबराच्या दोन जोड्या आहेत. त्यांतली मऊ जोडी कोणीही कधी पुन्हा बसवून पाहिलेली नाही. राखी मोटार भाची चालवते.